सव्वा हात वाट

वस्तरा हनुवटीखाली होता, आणि बाहेरून कुणीतरी म्हणालं, "व्हय व्हय, हेच ते कपवाले," आणि विरुपाक्षाची मान हलली. एवढंच झालं. रक्ताची एक बारीक रेघ गळ्यावर उतरली, न्हाव्यानं "अरे देवा" म्हणत तुरटीचा खडा चोळला आणि वर त्यालाच दम भरला, "मालक, हलायचं नसतंय. इतकी वर्सं दाढी करायलोय तुमची, कधी हलला न्हाय. गळा कापला असता तर लोकांनी मलाच धरलं असतं." सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं न्हाव्याला काय सांगायचं, की बाबा, एका शब्दानं दचकलो? पुण्याहून धाराशिवात परत येऊन आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस तो शब्द कुठून ना कुठून अंगावर येत होता. बाकावर बसलेल्या एका बेंबळीच्या गड्याला त्या कपाविषयी कुतूहल होतं, आणि न्हावी तर काय, सगळ्या गावाचा वकील. "गोल्फ म्हणतेत त्याला. चेंडू काठीनं हाणायचा, मग त्याच्या मागं कोसभर चालायचं, परत हाणायचा. असं करत करत गलीत, म्हंजी भुईतल्या बारक्या खड्ड्यात, घालायचा. कमी फटक्यांत घालील तो जिंकला." गड्यानं विचार केला. "मग हातानंच नेऊन का टाकीत न्हाईत गलीत?" "मग त्याला खेळ न्हाय म्हणत, लबाडी म्हणतेत," न्हावी म्हणाला आणि दुकानातले सगळे हसले. विरुपाक्षही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. तुरटीनं गळा चुरचुरत होता आणि फाल्गुनातलं ऊन सकाळी आठलाच उंबऱ्यावर येऊन बसलं होतं.

संध्याकाळी पाचला क्लबात सत्कार होता. अव्वल तालुकदारसाहेब स्वतः हार घालणार होते. निजामाच्या या जिल्ह्यात त्यांच्या वर कुणी नाही. त्यांनी हार घालायचा आणि विरुपाक्षानं मान पुढं करायची, मग क्लबाची नोकरी कायम, राहायला खोल्या, म्हातारपणाची काळजी मिटली. गावाबाहेरच्या माळावर अंमलदारांचा तो क्लब, नऊ गलींचं मैदान. मैदान म्हणायचं आपलं. पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर गवताची काडी नाही, नुसता मुरूम. इंग्रजांच्या मैदानावर गलीभोवती हिरवळ असते, गालिच्यासारखी कापलेली. इथं हिरवळ आणायची कुठून, प्यायला पाणी मिळत नाही! म्हणून गलीभोवती वाळू. बारीक चाळलेली नदीची वाळू, त्यात मोटारीचं जळकं तेल कालवायचं, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. विरुपाक्षानंच ते नऊ चौक घातले होते, आपल्या हातानं चाळण मारून. आणि वाळू म्हटली की पावलं उमटतात, खड्डे पडतात, म्हणून तिथला रिवाज असा, की शेवटचा फटका मारण्याआधी चेंडूपासून गलीपर्यंतची वाट पुसून घ्यायची. त्यासाठी दांडा लावलेली फळी ठेवलेली असे. ती कुणी दुसरीकडं टाकली असेल तर पायानंच पुसायची, पावलाच्या कडेनं, सारवताना हात फिरवावा तशी. त्यात वाईट काही नाही, नियमच तो. वर्षाचे आठ महिने, रोज, अठरा अठरा वेळा त्यानं ती वाट पुसली होती. गवतावर मात्र तिला हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही. लावला की दोन फटक्यांचा दंड. हे बावीस हंगाम त्याच्या डोक्यात पक्कं होतं. पायाला कुणी विचारलंय?

बावीस हंगाम, लढाईची चार-पाच वर्षं सोडून. दिवाळी झाली की येडशीला छोट्या गाडीत बसायचं आणि शिमग्याला परत यायचं. आधी सिकंदराबाद, मग बंगळूर, मग नाशिक, शेवटी पुणं, चारी ठिकाणी कपाचे सामने. सगळ्या ठिकाणी तीच माणसं, पंधरा-वीस जण, कुणी छावणीतला, कुणी कुठल्या साहेबाच्या पदरचा, सगळे साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलता उचलता शिकलेले. लोक समजत, मोठ्या मोठ्या साहेबांत ऊठबस आहे. ऊठबस! खेळायचं साहेबांच्या हिरवळीवर आणि जेवायचं मुदपाकखान्यामागं, फरशीवर, आपापली भाकर सोडून. क्लबाच्या दारातून आत जायची परवानगी फक्त बक्षीस घेताना, तेही जोडे पुसून. आधी आधी याचं काही वाटत नसे. पंचविशीत रक्तच असं असतं, की चेंडू निळ्या आभाळात चढला आणि मागं उभी असलेली गोरी मंडळी गप्प झाली की सगळी फरशी विसरायला होतं. चाळिशीनंतर गुडघे बोलायला लागतात. या वर्षी सिकंदराबादला थंडीत त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण हे का करतो आहोत? बंगळूरला वाटणंही बंद झालं. तो नुसता चालत होता. चार गावांतून चेंडूच्या मागं चालत होता, आणि स्टेशनांच्या बाकांवर पाठ टेकत होता, आणि कोणत्या गावचं पाणी आहे हे तोंडात घेतल्यावर कळत होतं.

सोबत लाडलेसाब होता म्हणून हंगाम सरत. परंड्याचा हा माणूस, किल्ल्याच्या तटाखाली घर, पूर्वज म्हणे तोफांवर होते. विरुपाक्ष बेंबळीचा लिंगायत, हा परंड्याचा मुसलमान. बाराव्या वर्षी दोघं एकाच छावणीत पिशव्या उचलायला लागले आणि तेव्हापासून एका ताटात जेवत नव्हते इतकंच, बाकी सगळं एकत्र. लाडलेसाबचा फटका बघायला माणसं थांबत. पण नशीब असं दळभद्री, की सात वेळा दुसरा आला आणि पहिला एकदाही नाही. त्या सातांतल्या पाच वेळा पुढं विरुपाक्ष. दुसरा कुणी असता तर कडू झाला असता. हा म्हणायचा, "अरे, मागं राहायचं तर ओळखीच्या माणसाच्या राहावं." या वर्षी त्यानं बंगळूरलाच सांगून टाकलं होतं, "डाव्या डोळ्यात सारा आलाय रे, पडदा धरलाय. चेंडू दोन दोन दिसायलेत. एवढा हंगाम बस." आणि मग पुण्याला, शेवटच्या दिवशी, दोघंच सगळ्यांच्या पुढं. सतरा गली झाल्या तेव्हा विरुपाक्ष एका फटक्यानं पुढं होता.

अठराव्या गलीची ती हिरवळ त्याला आता डोळे मिटले की दिसे, आणि उघडे ठेवले तरी दिसे. लाडलेसाबनं लांबून चेंडू घातला होता, टाळ्या झाल्या होत्या, आणि तो गलीतला चेंडू काढायला वाकला होता. विरुपाक्षाचा चेंडू गलीपासून सव्वा हातावर. पोरसुद्धा घालील, आणि घातला की एका फटक्यानं जिंकला. तो नंबर यायची वाट बघत उभा होता, आणि विचार कशाचा, तर बसायचा. कुठंतरी सावलीत, पाय पसरून. आणि तेवढ्यात त्यानं बघितलं, की आपला उजवा पाय पुढं झाला आहे आणि चेंडूच्या पुढच्या गवतावरून, पावलाच्या कडेनं, अलगद फिरून मागं आला आहे. पुसली वाट. गवत एका बाजूला लवून तिथं एक फिकट पट्टा उमटला. माळावर रोज करतो तसंच, जराही घाई न करता. आता कुणीतरी ओरडेल म्हणून तो थांबला. कुणी ओरडलं नाही. साहेब आपसांत बोलत होते, पंच म्हणून नेमलेला गोरा म्हातारा चिरूट पेटवत होता, लाडलेसाबचं मुंडासं अजून गलीवर वाकलेलं होतं. हात वर करून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, माझा पाय लागला. मग पंच येणार, पुस्तक उघडणार, पाच-सहा जण गोळा होणार, विचारणार, पुन्हा विचारणार, आणि तो उभाच राहणार. दोन फटके दंड, म्हणजे लाडलेसाब एका फटक्यानं पहिला. हे सगळं त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. लोभ नव्हता हो त्याला. आधीचे पाच कप घरात होते, त्यांत बायको, नागम्मा, डाळी ठेवायची. नुसता कंटाळा होता, हाडात मुरलेला. संपू दे एकदाचं, असं मनात आलं आणि त्यानं चेंडू मारला. चेंडू गलीत पडला.

मग कार्ड. तिथं एकमेकांचे फटके एकमेकांनी लिहायचे असतात. लाडलेसाबनं त्याचं कार्ड लिहिलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बघून घे, बरोबर हाय का." त्यानं न बघता सही केली. लाडलेसाब कार्डाकडं जरा वेळ बघत राहिला. विरुपाक्षाला वाटलं, डोळ्यातला सारा. गाडीत दोघं समोरासमोर. कप कापडात गुंडाळून मांडीवर. दौंड गेलं, जेऊर गेलं. कुर्डुवाडीला फलाटावर विरुपाक्षानं चहा पाजला, तेव्हाही बोलता आलं असतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण लाडलेसाब म्हणाला, "काही बोलायलास का?" आणि हा म्हणाला, "न्हाय, साखर कमी हाय." माणसाच्या जिभेला काय म्हणावं! साखर कमी हाय.

घरी आला तेव्हा नागम्मा ज्वारी पाखडत होती. तिनं गळ्यावरची रेघ बघितली आणि सूप खाली ठेवलं. "अव्वा! काय झालं हो?" त्यानं सांगितलं, वस्तरा लागला. ती हळद घेऊन आली. आठ दिवस तो पोटात ठेवून होता ते त्यानं त्या हळदीबरोबर सांगून टाकलं. का तेव्हाच, देव जाणे. नागम्मानं तीस वर्षांत एकदाही मैदान बघितलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, सव्वा हात म्हणजे केवढं ते हातानं मोजून बघितलं. "वाट पुसली. बरं. मंग?"

"मंग काय मंग? पुसायची नसती तिथं."

"घाण केली न्हाय, कुनाची मोडली न्हाय, पुसलीच की. वाट झाडणाऱ्याला दंड करतेत होय? भारीच की तुमचे साहेब."

"तसं न्हाय गं. खेळात जसं पडलंय तसंच ठेवायचं असतंय. सगळ्यांना सारखं."

"कुनी बघितलं?"

"कुनी न्हाय."

नागम्मानं सूप पुन्हा उचललं. दोन घोळ मारले. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आठ दिस जेवन जायना तुमाला. म्या म्हटलं पुन्याचं पानी बाधलं. एवढ्याशा वाटेपायी जेवन जात नसलं तर ती बारीक न्हाय." आणि जरा थांबून, "लाडलेभाईंचा कप हाय म्हणा की मग तो." तिनं ते इतकं सरळ म्हटलं, की विरुपाक्षाला एकदम बसावंसं वाटलं, आणि तो बसला, तिथंच, ज्वारीच्या भुशात. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

पुण्याच्या क्लबाला पत्र त्यानं पोस्टातल्या अंबादास कारकुनाकडून इंग्रजीत लिहवून घेतलं. फार ओळींचं काम नव्हतं. माझा पाय माझ्या वाटेला लागला, मी बोललो नाही, कप लाडलेसाबचा, पाटीवर त्याचं नाव घाला, कप पार्सलनं येत आहे. तिथं भिंतीवर शिसवी पाटी आहे, जिंकणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत. रंगारी एप्रिलात येतो. अंबादासनं दोनदा विचारलं, "नक्की ना? संध्याकाळी सत्कार आहे तुमचा, निमंत्रण मलाही आहे." विरुपाक्ष म्हणाला, "टाका." पत्र पेटीत पडलं. आता हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. काही वाटलं नाही. पत्र पुण्याला गेलं होतं. जिथं जायला पाहिजे होतं ते गाव परंडा. आणि परंड्याला जायचं म्हणजे पाचला क्लबात पोचणं शक्य नाही. तालुकदारसाहेब हार घेऊन ताटकळणार, मग कसली कायम नोकरी आणि कसल्या खोल्या! पण त्याला त्या हाराची भीतीच जास्त वाटत होती. त्यानं मोटारअड्ड्यावर जाऊन परंड्याच्या मोटारीत जागा धरली. येरमाळ्याचा घाट, भूमचा बाजार, पिशवीएवढ्या जागेत शेळ्यांसारखी अवघडून बसलेली माणसं. शेजारचा म्हातारा विचारत होता, "कंचं गाव? काय धंदा?" विरुपाक्ष म्हणाला, "माळावर असतो." खिडकीतून काढणी झालेली रानं मागं जात होती. उजवा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता. त्यानं तो हातानं उचलून जरा बाजूला ठेवला, आणि त्याला त्या पायाचा राग आला, आणि मग रागाचंही हसू आलं. पाय आपला नाही म्हणून सुटका होत असती तर तुरुंग ओस पडले असते.

किल्ल्याच्या तटाखाली ते घर. लाडलेसाब ओट्यावर बसून खुरप्याला मूठ बसवत होता. मूठ कशाची, तर काठीच्या दांड्याची. ती जुनी विलायती काठी, जिच्यानं तो बंगळूरला तळ्यापलीकडं चेंडू नेत असे. तोडलेला तुकडा शेजारी पडला होता. "या! सत्कार सोडून?" तो म्हणाला आणि आत ओरडला, "बानू, विरुपाक्ष आलाय, भाकरी वाढव!" त्याच्या बायकोनं, बानूबाईनं, दाराआडून पाणी दिलं, नागम्माची खुशाली विचारली. ती आत गेली. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. विरुपाक्ष पाणी प्याला आणि त्यानं तांब्या खाली ठेवायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा साखर कमी झाली असती.

"लाडले, पुण्याला शेवटच्या गलीवर म्या पाय फिरवला. वाट पुसली."

लाडलेसाबनं मुठीवर एक घाव घातला. "ठावं हाय."

"बघितलंस तू?"

"मी गलीतनं चेंडू काढायलो होतो. खाली वाकलेल्या माणसाला काय दिसतंय? पायच दिसतेत की."

"मग बोलला का न्हायस? कप तुझा होता. तुझा हंगाम शेवटचा होता."

"तू बोलशील म्हणून." लाडलेसाबनं खुरपं बाजूला ठेवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना. "मी काय बोलायचं? मी बोललो तर दुसऱ्या नंबरवाल्याची रड झाली. वाटलं, आता बोलशील. कार्ड दिलं हातात, बघून घे म्हटलं. वाटलं, गाडीत बोलशील. कुर्डुवाडीला मी तर विचारलंसुद्धा. चहा काय गोड नव्हता का रे? चांगला गोड होता."

"मी पत्र टाकलंय पुण्याला. सकाळीच. तुझं नाव लागंल पाटीवर."

"नक्को. त्या डोळ्यानं मला वाचता पण येनार न्हाय." तो हसला, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. मग बराच वेळ तो तुटलेला तुकडा हातात फिरवत राहिला. चुलीचा धूर ओट्यावर येत होता. "कपाचं जाऊ दे. टाकलंस पत्र, चांगलं केलंस. मला एक सांग. हे आठ दिवस मी हितं बसून एकच इचार करायलोय. पाच वेळा तुझ्या मागं राहिलो. नाशिकला दोनदा, बंगळूरला, सिकंदराबादला, आन् पुण्यालाच त्या वर्सी. एका एका फटक्यानं. त्या येळंला मी वाकलेलो नव्हतो." त्यानं वर बघितलं, डावा डोळा पांढुरका, उजवा मात्र लख्ख. "ह्याच्या आधी कधी?"

नाही म्हणायला काय लागतं? विरुपाक्षानं नाही म्हटलं असतं तर लाडलेसाबनं मान हलवली असती, विश्वास ठेवला असता, भाकरी आली असती, दोघं जेवले असते. आणि ते नाही त्याच्या जिभेवर होतंही. पण तो आठवू लागला. नाशिकची ती हिरवळ, वडाच्या सावलीतली. बंगळूरचं तळं. चेंडू आठवत होते, गली आठवत होत्या, टाळ्या आठवत होत्या. पाय एकाही ठिकाणी आठवत नव्हते. आपल्या पायांकडं माणूस बघतो कधी? पुण्यालाही पाय फिरून मागं आला तेव्हा दिसला, निघताना कळलाच नव्हता. तो त्या दिवशी थकला होता म्हणून खाली बघत होता. बाकीच्या दिवशी, तरणेपणी, तो सरळ पुढं बघत असे. बावीस हंगाम, आणि त्यांतला एकही आता त्याला खात्रीनं आपला म्हणता येईना. त्याला भीती वाटली, पुण्यापेक्षा जास्त.

"ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "खरंच ठाऊक न्हाय, लाडले."

लाडलेसाबनं मान खाली घातली. आत बानूबाई भाकरी थापत होती, तिचा थपथप आवाज येत राहिला. मग लाडलेसाब म्हणाला, "धाराशिवची मोटार तीनला सुटती. निघ, न्हायतर चुकंल."

मोटार पाचला सुटते. बावीस वर्षं ती पाचलाच सुटत आली होती, आणि दर हंगामानंतर विरुपाक्ष भेटीला आला की त्याला तिच्यात बसवून द्यायला लाडलेसाबच अड्ड्यावर येत असे. विरुपाक्षानं पायात वहाणा घातल्या.

"व्हय," तो म्हणाला, "तीनलाच सुटती," आणि ओट्यावरून खाली उतरला.